जुने चेनसॉ मशीन घेताना: पारख, जोडणी आणि नेहमीचे बिघाड

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांत, पावसाळ्यात बांधावरचे झाड उन्मळणे, सुबाभळीचा बुंधा पाणंदीत आडवा पडणे किंवा फणसाची मोठी फांदी गोठ्यावर येणे ही दरवर्षीची गोष्ट आहे. वर्षातले मोजके दिवस लागणारे यंत्र नवे घेणे अनेक शेतकऱ्यांना परवडत नाही, म्हणून ठेकेदाराकडचे, वखारीतले किंवा ओळखीच्या कोणाकडे पडून असलेले जुने चेनसॉ मशीन घेण्याकडे कल असतो. हा निर्णय चुकीचा नाही, कारण चांगल्या बांधणीचे आणि नीट सांभाळलेले जुने मशीन हलक्या नव्या मशीनपेक्षा जास्त वर्षे टिकते. मात्र घेताना बहुतेक जण रंग, आवाज आणि बारची (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीची) लांबी पाहतात, आणि ज्या दोन गोष्टी पाहायलाच हव्यात त्या राहून जातात. त्या म्हणजे सिलिंडर-पिस्टनची अवस्था आणि चेन ब्रेकची, म्हणजे फिरती चेन तत्क्षणी थांबवणाऱ्या ब्रेकची, अवस्था. बार, चेन, प्लग, फिल्टर, पेट्रोलची नळी हे झिजणारे आणि बदलता येणारे भाग आहेत. त्यांच्यासाठी मशीन नाकारू नये. पिस्टन गेलेला असेल तर मशीन फुकट मिळाले तरी महाग पडते, आणि चेन ब्रेक काम करत नसेल तर ते दुरुस्त होईपर्यंत मशीन लाकडाला लावू नये.

पुढील माहिती पेट्रोलवर चालणाऱ्या टू-स्ट्रोक मशीनविषयी आहे.

कामाच्या मानाने मशीन

मशीन किती मोठे घ्यावे हे कापायच्या लाकडाच्या जाडीवर ठरवावे. फांद्या छाटणे आणि जळणाचे तुकडे करणे एवढेच काम असेल, तर ३० ते ३५ सीसीचे, १४ किंवा १६ इंची बारचे मशीन पुरते. स्टिल कंपनीचे एमएस १८० हे ३१.८ सीसीचे मशीन या वर्गातले असून बार-चेन सोडून त्याचे वजन सुमारे ४ किलो भरते. निलगिरी, आकाशिया किंवा काजूची जुनी खोडे कापायची असतील तर ४५ ते ५० सीसीचे मशीन घ्यावे. एमएस २५० हे ४५.४ सीसीचे आहे आणि शेतावरच्या बहुतेक कामांना ते पुरेसे ठरते. वखारवाले आणि ठेकेदार ७० सीसीच्या आसपासची मशीन्स वापरतात, उदाहरणार्थ ७२.२ सीसीचे एमएस ३८२. अशी मशीन्स विक्रीला येतात ती बहुधा दिवसभर राबलेली असतात, वजनाने जड असतात आणि त्यांचा झटका सांभाळायला सराव लागतो. नवशिक्याने केवळ स्वस्त मिळते म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नये.

बाजारात ‘५८ सीसी’ असे छापलेली आणि प्रत्येक वेळी वेगळे नाव धारण करणारी चिनी बनावटीची मशीन्सही भरपूर आहेत. त्यांचे सुटे भाग स्वस्त मिळतात, पण बांधणीचा दर्जा एकसारखा नसतो आणि छापलेले सीसी खरे असतीलच असेही नाही. असे मशीन जुने घेण्यात मला फायदा दिसत नाही. नावाजलेल्या कंपनीच्या रंगात रंगवलेल्या नकलाही फिरतात, म्हणून मशीनच्या अंगावरचा मॉडेल व सिरियल क्रमांक लिहून घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी अधिकृत विक्रेत्याकडे तो दाखवून पिस्टन, ऑईल पंप व इग्निशन कॉईल हे तीन भाग मिळतात का, हे विचारावे. मूळ पावती मागण्यात संकोच करू नये. चोरीचे मशीन घेतल्याचा त्रास किमतीच्या कितीतरी पट असतो.

कोणती झाडे कापणार याचाही विचार आधीच करावा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या रानात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रांसाठीचा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो.

पैसे देण्यापूर्वीची पाहणी

मशीन थंड असताना पाहायचे आहे, हे विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. गेल्यावर सर्वप्रथम सिलिंडरच्या झाकणावर हात ठेवावा. ते कोमट असेल तर मशीन आपण येण्यापूर्वी सुरू करून ठेवले आहे असे समजावे, आणि तासाभराने पुन्हा पाहण्याची तयारी दाखवावी. थंड मशीन सुरू करतानाच निम्मे दोष उघडे पडतात.

नंतर स्विच बंद ठेवून दोरी सावकाश ओढावी. चांगल्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी हाताला स्पष्ट अडथळा लागतो आणि तो ओलांडायला जोर द्यावा लागतो. दोरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच सैल येत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेले आहे. मशीनला डीकॉम्प्रेशनचे (हा दाब सोडून दोरी हलकी करणारे) बटण असेल तर ते दाबलेले नाही याची खात्री करावी. तसेच सोप्या स्टार्टिंगची स्प्रिंग असलेल्या मशीनमध्ये हा हाताचा अंदाज फसवा ठरतो. शंका असल्यास दुचाकीच्या गॅरेजमधील कॉम्प्रेशन गेज लावून पाहावा, कारण या मशीन्सच्या प्लगचे आटे सहसा १४ मिलिमीटरचेच असतात. स्विच बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत दोरी ओढलेली असताना १५० पीएसआयच्या आसपास किंवा वर आकडा आला तर इंजिन उत्तम आहे, १२० च्या आसपास आला तर किमतीत घासाघीस करावी, आणि १०० च्या खाली आला तर विषय सोडून द्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. मफलर बहुतेक मशीन्समध्ये दोन-तीन नटबोल्टवर बसवलेला असतो. विकणाऱ्याच्या परवानगीने तो काढावा, दोरी हलकेच ओढून पिस्टन खालीवर करावा आणि मोबाईलच्या टॉर्चचा उजेड धुराच्या तोंडातून आत टाकावा. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या लेथच्या आडव्या, केसासारख्या बारीक रेषा अजून दिसत असतील तर ते इंजिन फारसे झिजलेले नाही. फिकट तपकिरी डाग चालतात. पण उभे ओरखडे, अॅल्युमिनियम घासून आलेला करडा खरबरीतपणा किंवा खाचेत बसलेली, नखाने ढकलली तरी न हलणारी रिंग दिसली तर हे मशीन ऑईलविना किंवा कमी पेट्रोलवर चालून सीझ झालेले, म्हणजे पिस्टन घासून जाम झालेले, आहे. धुराच्या बाजूला ओरखडे आधी येतात, कारण तिथे उष्णता सर्वाधिक असते. आत येणाऱ्या हवेच्या बाजूलाच पिस्टन घासलेला असेल तर फाटक्या फिल्टरमधून धूळ आत गेली असे निदान करावे. ही पाहणी करू देण्यास विकणारा स्पष्ट नकार देत असेल, तर तो नकारच उत्तर समजावे.

इथे कोल्हापूरकरांसाठी एक सूचना आवश्यक वाटते. शिवाजी उद्यमनगरची यंत्रकामाची वसाहत हाताशी असल्यामुळे ‘सिलिंडर खराब असला तरी बोअर करून घेऊ’ असा विचार सहज मनात येतो, आणि बिडाच्या सिलिंडरसाठी तो योग्यही आहे. चेनसॉचा सिलिंडर मात्र अॅल्युमिनियमचा असून त्याच्या आतल्या भिंतीवर क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय पातळ, कठीण मुलामा असतो. बोअर केले की हा मुलामा निघून जातो आणि उघड्या अॅल्युमिनियमवर पिस्टन टिकत नाही. कधी कधी पिस्टनचे अॅल्युमिनियम भिंतीला नुसतेच चिकटलेले असते आणि खालचा मुलामा शाबूत असतो. तेव्हा जाणकार कारागीर ते साफ करून नवा पिस्टन व रिंग बसवतो. मुलामाच सोललेला असेल तर सिलिंडर आणि पिस्टन जोडीने बदलावे लागतात.

दुसरी स्थानिक गोष्ट पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठी आणि शिरोळ तालुक्यात असंख्य यंत्रे पाण्याखाली गेली. बाहेरून धुऊन-पुसून चकचकीत केलेले मशीनही स्टार्टरचे झाकण उघडल्यावर खरे बोलते. फ्लायव्हीलच्या पात्यांमागे, कॉईलच्या बोल्टखाली आणि क्लचच्या खोबणीत पिवळसर गाळाचा वाळलेला थर किंवा गंज दिसला, तर क्रँकच्या बेअरिंगमध्येही गाळ गेला असण्याची शक्यता मोठी असते. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवावे. जराही खटखट जाणवली तर बेअरिंग गेलेले आहे आणि ते बदलणे म्हणजे संपूर्ण इंजिन खोलणे.

उरलेली पाहणी थोडक्यात होते. चेन ब्रेक पुढे ढकलला की ‘कट्’ असा ठाम आवाज होऊन चेन हाताने ओढता येऊ नये, आणि मागे ओढला की ती मोकळी व्हावी. तुटलेली चेन अडवणारा छोटा खुंट (चेन कॅचर) जागेवर असावा. मागच्या मुठीवरची सुरक्षा कळ दाबल्याशिवाय ॲक्सिलरेटर दाबला जाऊ नये. हँडल आणि इंजिन यांच्यामधील कंपन शोषणारे रबर फाटलेले नसावे.

शेवटी मशीन सुरू करावे. थंड मशीन चोक ओढून चार-सहा ओढींत फुटफुटले आणि चोक काढल्यावर दोन-तीन ओढींत चालू झाले, तर ते समाधानकारक आहे. स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालताना चेन फिरता कामा नये. तशाच स्लोवर मशीन सावकाश डावीकडे, उजवीकडे आणि नाकावर कलते करावे. आवाज बराच बदलला तर सील गळत आहेत किंवा कार्बुरेटरचा पडदा कडक झाला आहे. पाच-सात मिनिटे लाकूड कापून मशीन तापवावे, बंद करावे, थोडे थांबून पुन्हा सुरू करावे. थंड असताना सुरू होणारे पण तापल्यावर न सुरू होणारे मशीन कमजोर कॉम्प्रेशनचे किंवा तापल्यावर ठिणगी न देणाऱ्या कॉईलचे असते. स्विचने ते लगेच बंद पडते का, हेही पाहावे.

किंमत ठरवताना विकणाऱ्याच्या आकड्यात नवी चेन, गरज असल्यास बार, स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक), प्लग, दोन्ही फिल्टर आणि पेट्रोलच्या नळीचा खर्च मिळवावा. ही बेरीज त्याच वर्गातल्या नव्या मशीनच्या निम्म्याहून फार पुढे जात असेल, तर हमीसह नवे घेणेच शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे.

बार, चेन आणि स्प्रॉकेट

घरी आणलेल्या मशीनवर आधीच्या मालकाने जे मिळाले ते बसवलेले असते, म्हणून तीन मापे जुळतात का, हे आधी तपासावे. पहिले माप पिच: चेनच्या सलग तीन रिव्हेटच्या मध्यांमधील एकूण अंतर मोजून त्याचे निम्मे करावे. लहान मशीनवर बहुधा ३/८ लो-प्रोफाइल, मध्यम मशीनवर ०.३२५ इंच आणि मोठ्यांवर ३/८ इंच पिच असते. दुसरे माप बारच्या खाचेची रुंदी म्हणजे गेज, जो १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असतो. तिसरे माप चेनच्या खालच्या, खाचेत फिरणाऱ्या कड्यांची मोजलेली संख्या. बार, चेन आणि स्प्रॉकेट या तिघांचे पिच एकच असले पाहिजे, आणि बार व चेन यांचा गेज एकच असला पाहिजे. दुकानात ‘१८ इंची चेन द्या’ असे सांगून भागत नाही. हे तिन्ही आकडे चिठ्ठीवर नेले तर फेरी वाया जात नाही.

स्प्रॉकेटच्या दातांवर चेनने पाडलेली खाच अर्धा मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर ते बदलावे. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की चेनही लवकर ताणते. बारच्या दोन्ही कडांवर बाहेर आलेली धातूची पाती सपाट कानशीने घासून काढावी, खाच पातळ पत्र्याने खरवडून साफ करावी आणि बारच्या मुळाशी असलेले ऑईलचे छोटे छिद्र तारेने मोकळे करावे. हे छिद्र भुशाने बुजलेले असणे हा जुन्या मशीनमधला अगदी नेहमीचा दोष आहे. बार उभा धरून फरशीवर टेकवला असता एका बाजूला कलत असेल तर त्याच्या कडा असमान झिजल्या आहेत. प्रत्येक वेळी चेन काढल्यावर बार उलटा करून बसवला तर ही झीज दोन्ही कडांना सारखी वाटली जाते.

चेन चढवताना बारच्या वरच्या कडेवरील दातांची धार टोकाच्या दिशेला असावी. हातमोजे घालून, इंजिन बंद ठेवून, बारचे नट हातानेच लावलेले असताना बारचे टोक वर उचलून धरावे आणि ताणाचा स्क्रू फिरवून चेन बारच्या खालच्या कडेला जेमतेम टेकेपर्यंत ओढावी. टोक वर धरूनच नट घट्ट करावेत. ब्रेक मोकळा केल्यावर चेन हाताने सहज फिरली पाहिजे. नवी चेन पहिल्या काही कापांतच सैल होते, तेव्हा ती पुन्हा ताणावी. गरम असताना ताणलेली चेन काम संपल्यावर सैल करून ठेवावी, नाहीतर थंड होताना आखडून ती क्रँक आणि बार यांच्यावर ताण आणते.

धार

बोथट चेन हे अपघातांचे आणि इंजिन खराब होण्याचेही मोठे कारण आहे, कारण बोथट चेनने माणूस मशीनवर जोर देऊ लागतो. धारदार चेन स्वतःहून लाकडात शिरते आणि चौकोनी ढलप्या टाकते. पिठासारखा भुसा पडू लागला की काम थांबवून कानस हातात घ्यावी. आजरा-चंदगडकडील जांभ्याच्या लाल मातीत लोळलेले ओंडके आणि पुरात वाहून आलेली, सालीत वाळू भरलेली लाकडे काही क्षणांत धार घालवतात. अशा लाकडाची साल कापाच्या जागी कुऱ्हाडीने आधी सोलून काढावी. जमिनीवरचा ओंडका आरपार न कापता तीन-चतुर्थांश कापून उलटवावा आणि उरलेला काप वरून घ्यावा.

गोल कानशीचा व्यास पिचप्रमाणे बदलतो: ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर आणि मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर. बार पक्क्या शिकंज्यात धरून ब्रेक लावावा. दाताच्या वरच्या पत्र्यावर बहुतेक चेनमध्ये ३० अंशांची खूण असते. कानस त्या रेषेला समांतर, आडवी आणि अशी धरावी की तिच्या व्यासाचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहील. दाताच्या आतल्या बाजूने बाहेर ढकलावी, परत आणताना उचलून आणावी. मागे ओढताना घासलेली कानस धार तर देत नाहीच, उलट स्वतः बोथट होते. दाताच्या कोपऱ्यावर उजेड पडला असता पांढरी रेघ चमकत असेल तर तो अजून बोथट आहे. रेघ नाहीशी झाली की तिथे थांबावे. एका बाजूचे सर्व दात आधी, नंतर दुसऱ्या बाजूचे, आणि सर्वांत लहान दाताएवढीच इतरांची लांबी ठेवावी.

प्रत्येक दातापुढे एक उंचवटा असतो, तो दात किती खोल शिरावा हे ठरवतो. दात कानशीने घासत गेले की तेही उतरत जातात आणि हा उंचवटा तुलनेने उंच राहतो; मग धार असूनही चेन कापत नाही. चार-पाच वेळा धार लावल्यावर पट्टी ठेवून सपाट कानशीने तो दाताच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली आणावा. यापेक्षा जास्त खाली आणला तर चेन अधाशीपणे लाकडात शिरते, हिसके देते आणि मशीन मागे फेकण्याचा धोका वाढतो. दाताचा सर्वांत लांब भाग ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरला की चेन बाद करावी.

पेट्रोल, टू-टी ऑईल आणि बारचे ऑईल

या इंजिनाला वेगळे ऑईल नसते, त्यामुळे पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑईलच पिस्टन आणि बेअरिंग वाचवते. कंपनीच्या शिफारशीतले चांगले ऑईल असेल तर ५०:१, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर. साधे टू-टी ऑईल असेल तर २५:१, म्हणजे ४० मिलिलिटर. आधी निम्मे पेट्रोल, मग ऑईल, कॅन हलवून उरलेले पेट्रोल, असा क्रम ठेवावा. अंदाजाने झाकण भरून ओतण्याची सवय सोडावी आणि औषधाच्या दुकानातली मिलिलिटरच्या खुणांची सिरिंज वापरावी.

इंधनाबाबत आता अधिक जागरूक राहावे लागते. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले, आणि पंपांवर हेच पेट्रोल सर्रास मिळते. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना इथेनॉलचा आधार आहे हे खरे, पण जुन्या चेनसॉचे रबर त्यासाठी बनवलेले नाही. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, कार्बुरेटरचे पडदे कडक करते, जुन्या नळ्यांना भेगा पाडते आणि त्यातल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण थोडे पातळ होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) इंजिन जास्त तापू शकते. यावर उपाय साधे आहेत. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच मिश्रण करावे, काम झाल्यावर टाकी रिकामी करावी आणि जुने मशीन आणल्याबरोबर पेट्रोलची नळी व टाकीतला फिल्टर बदलून टाकावा.

बारच्या टाकीत गाडीचे काढलेले काळे ऑईल ओतण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. त्यातले धातूचे कण बार आणि ऑईल पंप दोन्ही खातात, शिवाय ते हातांना व कपड्यांना लागत राहते. बारचे चिकट ऑईलच वापरावे. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत बारच्या ऑईलची टाकी जवळजवळ रिकामी व्हायला हवी. ती तशीच भरलेली राहिली तर ऑईल चेनपर्यंत जात नाही. तपासण्यासाठी चालू मशीनचे टोक एखाद्या फिकट पुठ्ठ्यावर वीतभर उंच धरून रेस द्यावी. पुठ्ठ्यावर ऑईलच्या थेंबांची रेघ उमटली पाहिजे.

सुरू करताना आणि कापताना

पेट्रोल भरलेल्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊन मशीन जमिनीवर ठेवावे, चेन ब्रेक लावावा, उजव्या बुटाचे टोक मागच्या मुठीत घालावे, डाव्या हाताने पुढचे हँडल दाबून धरावे आणि मगच दोरी ओढावी. हातात लोंबकळते धरून दोरी ओढणे वखारीत रोज दिसते, पण तो धडा घेण्यासारखा नाही. हेल्मेट, चेहऱ्याची जाळी, कानांवरचे मफ, पोलादी टोकाचे बूट आणि चेन अडवणाऱ्या तंतूंची पँट यांचा खर्च मशीनच्या खर्चातच धरावा. मशीनचा आवाज कानांवर मफ न लावता रोज ऐकणाऱ्याची श्रवणशक्ती हळूहळू जाते, आणि ती परत येत नाही.

सर्वांत मोठा धोका बारच्या टोकाच्या वरच्या चतुर्थांशाचा. फिरत्या चेनचा हा भाग एखाद्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकला की मशीन क्षणार्धात तोंडाच्या दिशेने उसळते. म्हणून डाव्या हाताचा अंगठा हँडलभोवती पूर्ण गुंडाळलेला असावा, शरीर बारच्या सरळ रेषेच्या डावीकडे असावे आणि खांद्याच्या उंचीच्या वर मशीन कधीही नेऊ नये. शिडीवर किंवा झाडावर चढून चेनसॉ चालवणे हे प्रशिक्षित माणसाचे, दोरखंडाने बांधून घेऊन करायचे काम आहे. उभे झाड पाडण्याचे तंत्रही स्वतंत्र शिकण्याचा विषय आहे. नवशिक्याने आधी जमिनीवर पडलेल्या लाकडावर हात बसवावा.

नेहमीचे बिघाड

मशीन बिघडले की पहिला हात कार्बुरेटरच्या स्क्रूकडे जातो, आणि तिथेच गुंता सुरू होतो. काल नीट चालणाऱ्या मशीनचे स्क्रू रात्रीत आपोआप बिघडत नाहीत. शोध नेहमी पेट्रोल, ठिणगी, हवा आणि मग कॉम्प्रेशन या क्रमाने घ्यावा, म्हणजे सर्वांत स्वस्त कारण आधी तपासले जाते.

मशीन सुरूच होत नसेल तर ताजे मिश्रण भरून, चोक लावून सहा-आठ वेळा दोरी ओढावी आणि प्लग काढून पाहावा. प्लग ओला असेल तर पेट्रोल ओव्हर झाले आहे: स्विच बंद करून, चोक काढून, मशीन उलटे धरून दोरी दहा-बारा वेळा ओढावी, प्लग पुसून वाळवून बसवावा आणि चोकशिवाय पूर्ण रेस धरून सुरू करावे. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वर येत नाही. टाकीतला फिल्टर, भेगाळलेली नळी आणि कार्बुरेटरमधली बारीक जाळी पाहावी. ठिणगी तपासताना प्लग कॅपमध्ये घालून त्याचा लोखंडी भाग सिलिंडरला टेकवावा, पण प्लगच्या छिद्रापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावावा, ज्याची फट बहुतेक मशीन्सना ०.५ मिलिमीटर असते. तरीही नसेल तर स्विचची वायर कॉईलपासून काढून पाहावी. वायर कुठेतरी सोलून अंगाला टेकलेली असणे हे फार आढळणारे कारण आहे. कॉईल आणि फ्लायव्हील यांमधील अंतर ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढे असावे.

सुरू होते पण थोड्या वेळाने मरते, आणि टाकीचे झाकण उघडताच ‘सुस्स’ आवाज होऊन पुन्हा चालू होते, तेव्हा टाकीचा हवा घेण्याचा मार्ग बुजलेला असतो. स्लोवर चालते पण रेस देताच गुदमरते, तेव्हा आधी एअर फिल्टर काढून साबणाच्या पाण्याने धुवावा आणि पूर्ण वाळवून बसवावा. फिल्टर स्वच्छ असूनही ताकद कमी वाटत असेल तर मफलरमधली ठिणगी अडवणारी जाळी काजळीने भरली आहे का, ते पाहावे. ती तारेच्या ब्रशने साफ करण्याला दहा मिनिटे लागतात आणि अनेकदा एवढ्यानेच मशीन पूर्ववत होते.

हे सर्व झाल्यावरच कार्बुरेटर. ‘एल’ म्हणजे स्लोचा, ‘एच’ म्हणजे पूर्ण वेगाचा, आणि ‘एलए’ किंवा ‘टी’ म्हणजे स्लोचा वेग ठरवणारा स्क्रू. एल आणि एच हलक्या हाताने तळापर्यंत बसवून साधारण एक फेरा बाहेर काढले की सुरुवातीची जागा मिळते. नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. मशीन तापवून, रेस देताच न गुदमरता वेग घेईल असा एल ठेवावा आणि चेन फिरणार नाही इतका स्लो कमी करावा. एच मात्र कानाच्या अंदाजाने आत फिरवू नये. पातळ मिश्रणावर मशीन काही काळ अतिशय जोरात आणि तेज आवाजात चालते, मालक खूश होतो, आणि नेमक्या त्याच काळात पिस्टन सीझ होतो. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारे यंत्र) असलेल्या कारागिराकडून एच जुळवून घ्यावा.

स्लोचा स्क्रू पूर्ण कमी करूनही चेन फिरत राहिली तर क्लचची स्प्रिंग तुटलेली असते. वेग आपोआप चढतो आणि रेस सोडली तरी लवकर उतरत नाही, तेव्हा कुठूनतरी जास्तीची हवा ओढली जात आहे: कार्बुरेटर व सिलिंडरमधील रबरी नळी किंवा क्रँकचे सील. असे मशीन लगेच बंद करावे, कारण प्रत्येक मिनिटाला पिस्टनचे आयुष्य कमी होत असते. सील बदलण्याचे काम दाब देऊन गळती शोधणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

काप वाकडा जात असेल तर एका बाजूचे दात दुसरीपेक्षा लहान किंवा बोथट आहेत, अथवा बारच्या कडा असमान आहेत. बारमधून धूर येत असेल तर ऑईलचे छिद्र पाहावे, धार पाहावी, आणि ब्रेक अर्धवट लागलेला नाही ना, हेही पाहावे. चेन वारंवार उतरत असेल तर ताण, झिजलेली खाच आणि स्प्रॉकेट या क्रमाने तपासावे.

काम संपल्यावर मशीन महिनाभरापेक्षा जास्त काळ ठेवायचे असेल, तर टाकी रिकामी करून ते स्लोवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बुरेटरमध्ये पेट्रोल राहत नाही. प्लग काढून चमचाभर टू-टी ऑईल आत सोडावे, दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढून प्लग परत लावावा, चेन काढून ऑईलमध्ये बुडवून ठेवावी आणि मशीन कोरड्या जागी, खतांच्या पोत्यांपासून दूर ठेवावे. खतांच्या सान्निध्यात अॅल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही लवकर गंजतात.